टेकाळेकाकांचा हेल्पर

आमच्या दाराच्या कडीला एरवी दुधाची पिशवी असते, नाहीतर कुरिअरवाल्याची चिठ्ठी. एका मंगळवारी सकाळी मी कामाला निघाले तर तिथं सुतळीने बांधलेला एक पिवळा पुठ्ठ्याचा टॅग लटकत होता. त्यावर निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

बाब: सोमवारपासून रोज चालणार.
दोष: असा सोमवार अकरावा.
शेरा: रिवर्क.
पूर्ण करण्याची तारीख:

शेवटची ओळ रिकामी होती. ती मी भरायची होती.

आदल्याच दिवशी मी सोशल मीडियावर नव्या बुटांचा फोटो टाकून 'आजपासून रोज पाच किलोमीटर' असं जाहीर केलं होतं. असं जाहीर करायची ही अकरावी वेळ आहे, हे माझं मलाही माहीत नव्हतं. बसमध्ये बसल्यावर जुन्या पोस्ट मोजल्या. अकराच होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्या रिकाम्या जागी 'लवकरच' असं लिहिलं आणि टॅग समोरच्या दाराच्या कडीला अडकवून टाकला. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी टेकाळेकाकांनी मला गाठलं.

"ताई, लवकरच ही तारीख नसते," ते म्हणाले.

माणिकराव टेकाळे मोशीच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे धाराशिवकडचे, पण नोकरीची सगळी वर्षं भोसरीच्या एका कंपनीत काढली. क्वालिटीला होते. आलेला माल तपासायचा आणि त्याला टॅग लावायचा हे काम. हिरवा म्हणजे ओके. लाल म्हणजे रिजेक्ट, सरळ भंगारात. पिवळा म्हणजे रिवर्क. हे तीन रंग त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले होते, मी राहायला आले त्या दिवशी, माझा फ्रिज जिन्यात अडकलेला असताना.

"पिवळ्याला लोक उगाच घाबरतात," ते म्हणाले होते. "पिवळा म्हणजे माल चांगला आहे, नुसता हात फिरवायला पाहिजे. वाईट मालाला कुणी पिवळा लावत बसत नाही."

रिटायर होताना कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. काकांनी त्याऐवजी स्टोअरमध्ये पडून असलेले टॅगचे गठ्ठे मागून घेतले. शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर अजून असतो. काकूंची भाकरी ते अजून मोजतात, आणि काकू अजून ती त्यांच्या हातातून काढून घेऊन ताटात ठेवतात.

या टॅगांपैकी एकाने मात्र त्यांचं घर मोडलं. त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती. आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः पसंत केलेला मुलगा, नितीन, आपल्या आईवडिलांना घेऊन पेढ्यांचा बॉक्स हातात धरून काकांच्या घरी आला. चाकणला एका कंपनीत ऑपरेटर होता, कंत्राटी. आता आमच्या या भागात मुलगी बघायला गेलं की पत्रिकेच्या आधी विचारतात ते पर्मनंट आहे का, हे खरं आहे. पण म्हणून जे काकांनी केलं ते कुणी करत नाही. त्यांनी आतून लाल टॅग आणला, त्यावर 'बाब: मुलगा. दोष: पर्मनंट नाही. शेरा: रिजेक्ट' असं लिहिलं आणि सगळ्यांसमोर पेढ्यांच्या बॉक्सला बांधला. स्वातीने तो बॉक्स टॅगसकट उचलला आणि त्या लोकांबरोबरच निघून गेली. तिचं लग्न राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, झालं. 'या घरात तिचं नाव निघणार नाही,' असं काकांनी जाहीर केलं, आणि जाहीर केलेली गोष्ट रद्द करायचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता.

काकू रोज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला जातात. कपडे असोत नसोत. तिथं त्या लेकीशी तासभर फोनवर बोलतात. काकांना हे माहीत आहे. काकांना माहीत आहे हे काकूंनाही माहीत आहे. हे सगळं काकूंनीच मला गच्चीवर, रिकामी बादली हातात धरून सांगितलं.

तर हेल्परविषयी. रिटायर झालेली माणसं बागेत जातात, भजनी मंडळात जातात. काका कॉम्प्युटर शिकले. व्हिडिओ बघून, आधी फुलस्केप वहीत पेन्सिलने प्रोग्रॅम लिहून, मग तो एका बोटाने टाइप करून. त्यातून जो तयार झाला त्याचं नाव त्यांनी 'हेल्पर' ठेवलं. लोकांनी सोशल मीडियावर सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या पोस्ट आणि प्रोफाइल आपोआप फिरून गोळा करायच्या आणि नावानिशी, तारखेनिशी तक्त्यात मांडायच्या, एवढं त्याचं काम. काका मग चष्मा लावून तो माल तपासायचे आणि टॅग लिहायला बसायचे. आमच्या सोसायटीतल्या, खातं उघडं ठेवणाऱ्या यच्चयावत माणसाची फाइल त्यांच्याकडे होती.

हेल्पर सकाळी सात वाजता फर्स्ट शिफ्टला यायचा आणि तीनला सुटायचा. गुरुवारी त्याला सुट्टी, कारण इथल्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते.

"अहो काका, तो प्रोग्रॅम आहे. त्याला कसली सुट्टी?"

"मशीनलाच सुट्टी लागते, ताई. माणूस काय, ओढतो कसाही."

खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, प्रोग्रॅमची छापील पानं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. काकूंनी वाटीत खोबरं आणून दिलं. "ह्यांच्या हेल्परचा प्रसाद," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

काकांचा एक नियम मात्र पक्का. ज्याने खातं बंद ठेवलंय त्याच्या वाटेला जायचं नाही. "झाकलेल्या मालाला हात लावायचा नाही. गेटबाहेर उघड्यावर ठेवलाय तेवढाच बघायलो मी," असं ते सांगायचे. आणि सुरुवातीला आम्हाला त्याची गंमतच वाटली. ए विंगमधल्या एका बाईंनी 'आमची चिंगी मांजर रोज दुपारी हरवते' अशी पोस्ट टाकली होती. सी विंगमधल्या एका आजोबांनी 'रोज दुपारी येणारी आमची राणी' म्हणून फोटो टाकला होता. हेल्परने दोन्ही गोळा केल्या, काकांनी शेपटीवरचे पट्टे मोजले, आणि चिंगी व राणी एकच असून दोन्हीकडे दूध पिते हे सिद्ध झालं. मांजराला त्यांनी हिरवा टॅग दिला. दोन्ही शिफ्ट करते म्हणून.

घोटाळा झाला तो येळवंडेभाऊंच्या बाबतीत. भाऊ सोसायटीचे सेक्रेटरी. खेड तालुक्यातलं जुनं घराणं, घरात दोन शर्यतीचे बैल, आणि बैलगाडा शर्यत म्हटली की माणूस भान हरपतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. आदल्या शुक्रवारी भाऊंनी ग्रुपवर कळवलं, 'सोसायटीच्या कागदांसाठी खेडला तहसीलला आलो हाय. ह्या रविवारी जमायचं न्हाई. मीटिंग पुढच्या रविवारी.' आणि त्याच दुपारी त्यांनी आपल्या उघड्या खात्यावर फोटो टाकला: अंगभर गुलाल, डोक्याला फेटा, दोन्ही बाजूंना बैल, खाली 'आपली जोडी पहिल्या नंबरात'.

सोमवारी सकाळी नोटीसबोर्डावर लाल टॅग लटकत होता. 'बाब: तहसील कार्यालय. दोष: कार्यालयात बैल दिसतात. शेरा: रिजेक्ट.'

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. भाऊ लालबुंद झाले होते.

"आमी काय गुन्हेगार हाय व्हय? ह्यो माणूस समद्या सोसायटीवर पाळत ठेवतो. इचारा त्यास्नी."

"पाळत नाही, भाऊ. फोटो तुम्हीच उघड्यावर टाकला होता," काका शांतपणे म्हणाले.

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग कुणीतरी म्हणालं, आमचं काय काय जमवलंय ते दाखवा तरी. काका याचीच वाट बघत असावेत. त्यांनी पिशवीतून प्रत्येकाच्या नावाचे छापील कागद काढले आणि लग्नातल्या अक्षतांसारखे हौसेने वाटले. तिथं हसणं थांबलं.

माझ्या कागदावर माझी सकाळी निघायची वेळ होती, कारण मी बसच्या खिडकीतून रोज फोटो टाकते. सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख होती. गणपतीत घराला कुलूप लावून आम्ही किती दिवस गावी होतो ते होतं. मुलीची शाळा, तिचा क्लास, क्लासचा रस्ता. यातलं एक अक्षरही काकांनी चोरलं नव्हतं. सगळं मीच हसत हसत, हौसेने टाकलेलं. पण एकाखाली एक, वर माझं नाव, असं वाचताना मी तो कागद शेजारच्या कुणाला दिसू नये असा वळवून धरला.

"काका," मी म्हणाले, "हे मीच टाकलंय. पण असं एका कागदावर बघून मला भीती वाटतेय."

काका भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा वर केला आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांचं तोंड उतरत गेलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सुटा नटबोल्ट उघड्यावर पडला तर काही नाही. जोडला की त्याचं काहीतरी तयार होतं. हे मला कळायला पाहिजे होतं. क्वालिटीत होतो मी."

त्यांनी खिशातून एक लाल टॅग काढला, त्यावर फक्त 'हेल्पर' एवढंच लिहिलं आणि तो येळवंडेभाऊंच्या हातात दिला. सगळा माल भंगारात काढायचा, पुढच्या रविवारी, दोन साक्षीदारांसमोर, प्रत्येक फाइलवर सही घेऊन. साक्षीदार म्हणून त्यांनी एक तक्रारदार निवडला, म्हणजे भाऊ, आणि एक घाबरलेली, म्हणजे मी.

त्या रविवारी काकू दिवाळीच्या बाजाराला गेल्या होत्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते एकेक फाइल उघडायचे, नाव मोठ्याने वाचायचे, "हरकत?" असं विचारायचे, आम्ही "नाही" म्हणायचो, ते फाइल पुसायचे, आम्ही वहीत सही करायचो. दहाव्या फाइलला माझा हात दुखायला लागला. येळवंडेभाऊंची स्वतःची फाइल आली तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"थांबा जरा. ह्यो बैलांचा फोटू माझ्या मोबाइलमधनं उडालाय. आदी मला पाठवा, मग पुसा."

तो पाठवला, पुसला, भाऊंनी सही केली, आणि तिथून पुढे भाऊ काकांना 'काका' म्हणायला लागले.

तासाभराने यादी संपली असं काका म्हणाले. मी वही बंद करणार तेवढ्यात भाऊंचं लक्ष गेलं. "फायली दोन नंबरपासनं हायेत की. एक नंबर कुठाय?"

"ती राहू द्या."

"का राहू द्या? नियम समद्यांना एकच."

काकांनी व्हर्नियर खिशातून काढला, उघडला, मिटला, परत ठेवला. मग एक नंबरची फाइल उघडली. वर नाव होतं: 'स्वातीचा फराळ, राजगुरुनगर'.

ती घरगुती फराळ करून विकते हे मला काकूंकडून माहीत होतं. पण काकांच्या फाइलमध्ये तीन वर्षांतली तिची एकूण एक पोस्ट होती. कुठल्या दिवशी तेल जास्त तापून शंकरपाळी करपली. कुठल्या आठवड्यात 'तब्येतीमुळे ऑर्डर बंद' होत्या, आणि त्या ओळीखाली काकांनी एक प्रश्नचिन्ह टाइप केलं होतं. एका फोटोत परातीच्या कडेला, लाडू उचलायला आलेला एक छोटासा हात दिसत होता. तो फोटो काकांनी मोठा करून वेगळा ठेवला होता.

"नात," ते म्हणाले. "पाच वर्षांची असेल. बोटं आमच्यावर गेलीत."

"लेकीचं हाय व्हय हे?" भाऊंनी हळूच विचारलं.

"हेल्पर हिच्यासाठीच केला होता, भाऊ. रोज त्या पानावर जाऊन बसायची मला चोरी वाटायची. हेल्पर जाऊन घेऊन येतो, आपण गेलो असं होत नाही. पण एका नगासाठी मशीन लावलंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून मग सगळ्या सोसायटीचं सुरू केलं. लॉट मोठा असला की एका नगाकडं कुणाचं लक्ष जात नाही."

मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदमच. या माणसाने लेकीची खुशाली कळावी म्हणून साठ-सत्तर माणसांची पाहणी केली होती. बायकोला एक शब्द विचारायचं सोडून, जी रोज दुपारी गच्चीवर तेच ऐकत होती.

"तिनं ते सगळ्या जगाला उघडं ठेवलंय," काका स्क्रीनकडे बघत म्हणाले. "जगात मी येतो ना, ताई?"

"येता की," मी म्हणाले. "पण हे तुम्ही बघता हे तिला कुठं माहीत आहे? ही फाइल पुसायला माझी हरकत आहे. आणि तिच्या पानावर दोन ओळी लिहा. हेल्परने नाही, तुम्ही."

"काय लिहू? मी बांधलेला टॅग लाल होता."

"लिवा वो काका," भाऊ म्हणाले. "आमची बहीण खेडातच ऱ्हाती. ह्या फराळवालीकडनंच चकली आणती ती. लई झ्याक असती. तेच लिवा."

स्वातीने त्या सकाळीच चकल्यांचा फोटो टाकला होता. काकांनी आधी वहीत पेन्सिलने मसुदा केला. तीनदा खोडला. मग एका बोटाने, स्वतःच्या नावाने, त्या फोटोखाली टाइप केलं: 'काटे एकसारखे आले आहेत. मोडलेली एकही दिसत नाही. हिरवा टॅग. मा. टेकाळे.' आणि जणू काही फुटणार आहे अशा बेताने बटण दाबलं.

भाऊंनी वहीत एक नंबरसमोर 'हरकत' असं लिहून सही केली. मीही केली.

सोमवारी उत्तर नव्हतं. मंगळवारी नव्हतं. मी कामावरून आले की काका दर थोड्या वेळाने माझं दार वाजवायचे आणि काहीतरी वेगळंच विचारायचे, साखर आहे का, पाणी आलं का. बुधवारी त्यांनी सरळ विचारलं, "ताई, तिनं बघितलं असेल का? का मी परत रिजेक्टच झालो?" मी म्हणाले, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, वेळ नसेल मिळाला. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

गुरुवारी मला सुट्टी असते. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली, पण माझी नाही, समोरची. मी दार उघडून बघितलं तर हेल्मेट काखेत घेतलेला एक माणूस उभा होता. हातात पेढ्यांचा जुना पुठ्ठ्याचा बॉक्स, कडेने चिकटपट्टी लावून टिकवलेला. मी नितीनला कधी पाहिलं नव्हतं, पण तोच असणार हे कळलं. चाकणला गुरुवारची सुट्टी त्यालाही असते.

काकांनी दार उघडलं.  नितीनने बॉक्स पुढे केला. आत चकल्या होत्या, आणि वर सुतळीने बांधलेला एक पिवळा टॅग. स्वातीने घरी पुठ्ठा रंगवून केलेला. काकांनी तो हातात धरला आणि मला दिसेल असा वळवला. वाचायला चष्मा हवा होता, आणि चष्मा त्यांच्या कपाळावरच होता, पण त्यांना तो सापडत नव्हता. मग मीच वाचला.

बाब: पप्पा.
दोष: आठ वर्षं उशीर.
शेरा: रिवर्क.
पूर्ण करण्याची तारीख:

"पिवळा आहे ना?" काकांनी मला विचारलं. रंग तर त्यांना दिसत होता. तरी त्यांनी विचारलं.

"पिवळाच आहे, काका."

"लाल नाही."

"नाही."

ते दारातच खाली बसले, चपलांच्या शेजारी, आणि रडले. काकू आतून आल्या, त्यांनी बॉक्सकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि "आत या की, बाहेर काय उभे राहिलात," एवढंच म्हणाल्या. नितीन वाकून काकांच्या पाया पडायला गेला तर काकांनी त्याचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "गाडीवर आलात का? राजगुरुनगरपर्यंत तिघं बसतील का?"

"मी रिक्षा बोलावतो, पप्पा," नितीन म्हणाला.

काकांनी डोळे पुसले. खिशातून पेन काढलं, टॅग गुडघ्यावर ठेवला आणि त्या शेवटच्या रिकाम्या जागी, आपल्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'आजच'.

आता, आजच ही सुद्धा तारीख नसते. पण काकू आधीच साडी बदलायला आत गेल्या होत्या.